परवानाधारक श्री देव रवळनाथ

चूक हरिश्चंद्र मास्तरांचीच होती, आणि ती त्यांनी वळणदार अक्षरात केली होती हे त्याहून वाईट. गिचमिड अक्षरात केली असती तर निदान कुणाला वाचता तरी आली नसती.

सहा वर्षांपूर्वी आंबेखोल गावाने मिळून रेडिओ घेतला. मुंबईच्या चाकरमान्यांनी हातभार लावला, गावातल्या घराघराने आपापल्या परीने भर घातली, आणि मोटारीच्या टपावरून, गोणपाटात गुंडाळून, बॅटरीवर चालणारं ते खोकं देवळाच्या धर्मशाळेत येऊन बसलं. इथवर सगळं गोडीगुलाबीत. रेडिओला सरकारचा परवाना लागतो म्हणून तिठ्यावरच्या पोस्टातून फॉर्म आणला, आणि पहिल्याच रकान्यावर गाडी अडली. 'परवानाधारकाचे नाव.' बाबली म्हणाला, गावात पहिला मान आमच्या घराण्याचा, नाव माझं. धोंडू म्हणाला, पालखीला पहिला खांदा आमचा, नाव माझंच. दोघे गावचे मानकरी, दोघांच्या घरांत तीन पिढ्यांचं वाकडं, आणि आवाज देवाने दोघांनाही सढळ हाताने दिलेला. तीन तास झाले तरी नाव ठरेना. मास्तर तेव्हा जामसंड्याहून बदलून आलेले, येऊन जेमतेम दोन महिने झालेले, धोंडूच्याच घरामागच्या मांगरात, म्हणजे शेतीचं सामान ठेवायच्या जोडघरात, भाड्याने राहिलेले. त्यांना कुणाला दुखवायचं नव्हतं, आणि भूकही लागली होती. त्यांनी टाक उचलला आणि लिहून टाकलं, 'श्री देव रवळनाथ'.

काय सांगू, सगळी धर्मशाळा खूश! गावचं तळं देवाच्या नावावर, फणसाची राई देवाच्या नावावर, लग्नकार्यातली मोठी तपेली देवाच्या नावावर, मग रेडिओनेच काय घोडं मारलंय? देवाशी कोण भांडणार? मास्तरांनाही चेव आला. वयाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'अनादि'. धंद्याच्या रकान्यात लिहिलं, 'ग्रामरक्षण'. तिठ्यावरचे तेव्हाचे म्हातारे पोस्टमास्तर भाविक गृहस्थ. त्यांनी फॉर्म कपाळाला लावला आणि शिक्का मारला. त्यानंतर दर डिसेंबरात मास्तर जाऊन परवाना नव्या वर्षाला वाढवून आणायचे, आणि कुणी काही विचारायचं नाही.

यंदा मात्र ते राहिलं. चीनची लढाई नुकती थांबलेली. शाळेत संरक्षण निधी, प्रभातफेऱ्या, जवानांसाठी लोकरीचे मोजे, असा सगळा धबडगा. डिसेंबर कधी उलटला ते मास्तरांच्या ध्यानात आलं नाही. जानेवारीतल्या एका सोमवारी जिल्ह्याहून परवाने तपासणारे साहेब थेट धर्मशाळेच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

"हे रवळनाथ कोण?" साहेबांनी जुना परवाना उलगडून विचारलं.

"ग्रामदैवत आहे आमचं," मास्तर म्हणाले.

"वय अनादि. धंदा ग्रामरक्षण." साहेब हसले नाहीत. हसले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "बोलवा त्यांना."

"आता कशे येतले?" बाबली म्हणाला. "दुपारचो नैवेद्य झालो. ही तेंची झोपेची वेळ." आणि तो थट्टा करत नव्हता, हीच तर पंचाईत.

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. "गुरुजी, हा घरगुती परवाना आहे. घरगुती म्हणजे एक माणूस, त्याचं एक घर, आणि त्या घरात राहणारी माणसं. त्यांनीच ऐकायचं. इथे रोज किती जण ऐकतात?"

मास्तर काही बोलायच्या आत धोंडू छाती पुढे काढून म्हणाला, "सगळो गाव! मांडी घालूक जागा गावणा नाय."

झालं. एकाने दोर आणला, दुसऱ्याने फास केला. साहेबांनी रेडिओ उचलून बैलगाडीत घातला, तिठ्यावरच्या पोस्टात जमा केला, त्यावर चिठ्ठी चिकटवली, आणि सांगितलं की खऱ्या माणसाच्या नावाचा परवाना दाखवा आणि संच घेऊन जा.

मास्तरांनी त्या रात्री स्वतःलाच चार शिव्या घातल्या. पण खरं सांगायचं तर फार मनावर घेतलं नाही. आठ-पंधरा दिवस बातम्या नाही ऐकल्या तर गाव काही मरत नव्हतं. मंगळवारी दुपारी राधाबाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मात्र मनावर घेणं भाग पडलं.

राधाबाईचं घर गावाच्या टोकाला, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. एकुलता एक झील सत्यवान, तो फौजेत, तिकडे नेफात, चीनच्या सरहद्दीवर. लढाई सुरू झाल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. तीन महिने ती रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहायची आणि पोस्टमन लांबूनच मान हलवायचा. आज तिच्या हातात कार्ड होतं.

"मास्तरानू, वाचा. बेगीन वाचा."

मास्तरांनी वाचलं. "ती. आईस सा. न. मी सुखरूप आहे. काळजी नसावी. येत्या रविवारी दुपारी एक वाजता मुंबई रेडिओवर जवानांचे निरोप आहेत. त्यात मी बोललो आहे. ऐकावे. सत्यवान."

वाचता वाचता त्यांची नजर अक्षरावर अडली. सत्यवान त्यांच्या हाताखालचा, गावातला त्यांचा पहिला विद्यार्थी. शाळेच्या दारावरची पाटी त्याने रंगवलेली. त्याच्यासारखं अक्षर मास्तरांनी उभ्या नोकरीत दुसरं पाहिलं नव्हतं. आणि हे कार्ड? अक्षरं ही एवढाली, एकमेकांच्या अंगावर पडलेली, ओळ डावीकडून निघून उजवीकडे खाली घसरलेली. हे सत्यवानाचं अक्षर नव्हतं. कुणीतरी दुसऱ्यानेच लिहून दिलं होतं. माणूस दुसऱ्याकडून कार्ड कधी लिहून घेतो? त्याला स्वतःला लिहिता येत नाही तेव्हा. नाहीतर तो नसतोच, आणि त्याचे सोबती त्याच्या आईला आणखी चार दिवस सुखाचे देतात. असं एक कार्ड पलीकडच्या गावात आलेलं मास्तरांनी ऐकलं होतं. पुढचा विचार त्यांनी मनात येऊ दिला नाही.

"अक्षर कसा आसा?" राधाबाईने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक कार्डावर हे विचारायचा तिचा हक्क होता. झिलाच्या अक्षराचं कौतुक तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असायचं.

"नेहमीसारखाच," मास्तर म्हणाले. "मोत्यासारखा."

ती हसली आणि कार्ड पदराच्या गाठीत बांधलं. "कार्ड काय, कोण पण लिवता. आयतवारी आवाज आयकलंय काय माजो जीव खाली पडात. रेडिओ तवसर येतलो मां?"

"येतलो," मास्तरांनी शब्द दिला. शब्द द्यायला काय जातं!

त्याच दुपारी ते तीन मैल चालत तिठ्यावर गेले. म्हातारे पोस्टमास्तर निवृत्त होऊन आता तिथे गुरुदास नावाचे गृहस्थ आले होते. माणूस वाईट नव्हता. नियमाला पक्का, आणि विचाराल तेवढंच सांगणारा. असल्या माणसापुढे वाईट माणूस परवडला, त्याला निदान पाया पडून वळवता येतं.

"परवाना देवाच्या नावावरून माणसाच्या नावावर बदलून हवाय," मास्तर म्हणाले.

"बदलीला आधीच्या परवानाधारकाची लेखी संमती लागते," गुरुदास म्हणाले.

"अहो, आधीचा परवानाधारक देव आहे."

"ते मी वाचलं."

"देव सही कशी करणार?"

"तो प्रश्न पोस्टाचा नाही."

बुधवारी मास्तर पुन्हा गेले. शाळेच्या नावावर परवाना मिळेल का? मिळेल, गुरुदास म्हणाले, शाळेचा परवाना वेगळा असतो. पण तो विद्यार्थ्यांपुरता, शाळेच्या वेळेपुरता, आणि रविवारी शाळा बंद. मग सगळ्या गावाला ऐकता येईल असा काही परवाना? आहे की, सामुदायिक. ग्रामपंचायतीचा ठराव, त्यावर वरच्या कचेरीची शिफारस, तिथून मंजुरी, दीड महिना धरा. चहाच्या दुकानात ठेवला तर? तो व्यापारी परवाना, दुकानाच्या मालकाच्या नावावर निघेल, संचही त्याच्याच दुकानात राहील. देवाचा रेडिओ चहाच्या टपरीवर ठेवायचा म्हटल्यावर गाव मास्तरांना तिठ्यापर्यंत हाकलत नेईल हे त्यांना न विचारताच कळत होतं.

"म्हणजे रविवारच्या आत घरगुतीशिवाय काहीच नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्ही विचारलेल्यातलं तरी नाही," गुरुदास म्हणाले. मास्तरांनी तेव्हाच कान टवकारायला हवे होते. पण दोन दिवसांत नऊ मैल तुडवून दमलेल्या माणसाच्या कानांना एवढं कुठून सुचणार?

गुरुवारी त्यांनी बाबली आणि धोंडूला एकत्र बसवलं आणि हात जोडून सांगितलं, दोघांपैकी कुणाचंही एक नाव द्या, राधाबाईचा झील बोलणार आहे. दोघेही कळवळले. खोटं कशाला बोला, बाबलीच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पण नाव? "तेच्या घरात रेडिओ गेलो तर उद्या पालखी जायत," धोंडू म्हणाला. "माज्या जिवात जीव आसासर तेच्या नावार काय पण होवचा नाय," बाबली म्हणाला. शेवटी ठरलं की देवाची वस्तू देवालाच विचारायची. कौल घ्यायचा. देवाने नाव सांगितलं की गुरव लिहून देईल, पंच सह्या करतील, आणि हीच देवाची लेखी संमती. मास्तरांना वाटलं, सुटलो एकदाचे.

शुक्रवारी संध्याकाळी देऊळ गच्च भरलं. गुरवाने फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या छातीवर चिकटवल्या. उजवी पडली तर बाबलीचं नाव, डावी पडली तर धोंडूचं. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रवळनाथा महाराजा! तुजो रेडिओ पोस्टात अडकलो. साहेबांका माणसाचा नाव होया. तू कोणाचा देतंस ता सांग, आणि तुज्या लेकरांची सोडवणूक कर रे महाराजा!"

"होय महाराजा!" गाव एका आवाजात म्हणालं.

एरवी पाव तासात पाकळी पडते. पाव तास गेला, अर्धा गेला. कुणीतरी म्हणालं, उजवी हलली. धोंडूच्या बाजूचे म्हणाले, वारो होतो तो. समईत पुन्हा तेल घातलं. तास उलटला तरी दोन्ही पाकळ्या दगडाला चिकटून होत्या, आणि आता तर त्या वाळायला लागल्या होत्या. अखेर गुरवाने खांद्यावरच्या पंच्याने कपाळ पुसलं. "देवाच्या मनात नाय," तो म्हणाला. "दोघांचाय नाव तेका नको."

लोक हळूहळू उठले. बाबली आणि धोंडू दोघेही आतून खूशच होते, आपलं नाही तर त्याचंही नाही. मास्तर गाभाऱ्यासमोर उभेच राहिले, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांचे हात जोडलेले नव्हते. तुलासुद्धा नाव द्यायचं नाही, ते मनात म्हणाले, मग या गावात नाव द्यायचं तरी कुणी? खांबापाशी राधाबाई बसली होती. ती कुणावर रागावली नाही, कुणाला बोलली नाही.

"मास्तरानू," तिने एवढंच म्हटलं, "आयतवार परवा."

शनिवारी सकाळी ते पुन्हा तिठ्यावर गेले ते काही मागायला नव्हे, भांडायला गेले होते. त्यांनी देवाचा परवाना गुरुदासांच्या टेबलावर आपटला. "हा घ्या. देव संमती देत नाही, गाव नाव देत नाही, तुम्ही रेडिओ देत नाही. काय लोणचं घालायचंय ते घाला याचं!"

गुरुदासांनी परवाना उलटून पाहिला. "पण याची मुदत एकतीस डिसेंबरला संपलीय. संपलेल्या परवान्याची बदली होत नाही आणि त्याला कुणाची संमतीही लागत नाही. नवा काढायचा. संच घेतल्याची पावती तर याला टाचलेलीच आहे. नाव, पत्ता, सही. दहा मिनिटांचं काम."

"हे मंगळवारी का नाही सांगितलंत?"

"मंगळवारी तुम्ही बदली विचारलीत. नवा विचारला नाहीत."

समोरचा लाखेचा डबा उचलावा आणि या माणसाच्या टाळक्यात घालावा असं मास्तरांना मनापासून वाटलं. चार दिवस! पंधरा मैल! देवाला बसवलं तासभर पाकळ्या चिकटवून! त्यांनी दात-ओठ खात फॉर्म पुढे ओढला, टाक शाईत बुडवला, आणि पहिल्याच रकान्यावर हात थांबला. परवानाधारकाचे नाव. गावात कुणाचं नाव विचारायला परत जावं तर आज शनिवार, पोस्ट बाराला बंद. आणि मग, तिथे स्टुलावर बसल्या बसल्या, त्यांना ते कळलं. बाबलीला मान हवा होता, धोंडूला मान हवा होता, पण आपण सहा वर्षांपूर्वी देवाचं नाव का लिहिलं? कुणी आपल्याला बोल लावू नये म्हणून. सगळा गाव देवाच्या आड लपला, त्यात पहिले लपलो ते आपण.

त्यांनी लिहिलं, 'हरिश्चंद्र'. पुढे वडिलांचं नाव, आडनाव. वय अडतीस. धंदा शिक्षक. पत्ता धोंडूचा मांगर. खाली छापलेलं होतं की घरात राहणाऱ्या माणसांखेरीज कोणास ऐकवणार नाही, त्याखाली सही केली. घरातली माणसं किती, असं गुरुदासांनी विचारलं. मास्तरांचं कुटुंब जामसंड्याला, इथे ते एकटेच. "दोन," मास्तर म्हणाले. "मी आणि राधाबाई."

"नातं?"

"लिहा आई."

गुरुदासांनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, आणि लिहिलं. नात्याचा पुरावा मागावा असा नियम नव्हता.

रेडिओ बैलगाडीत घालून मास्तर गावात शिरले तेव्हा देवळापाशी दोघे मानकरी उभे होते. बातमी त्यांच्या आधी पोचली होती, ती कशी पोचते ते त्या रवळनाथालाच ठाऊक.

"गावाचो रेडिओ आपल्या नावार करून इलो!" धोंडू ओरडला. "शिरा पडो असल्या शिकपाक! महिन्याच्या शेवटाक माजो मांगर खाली करूचो, काय?"

"धोंडू म्हणता ता बरोबर आसा," बाबली म्हणाला. तीन पिढ्यांत या घराने त्या घराला बरोबर म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मास्तर गाडीतून खाली उतरले. त्यांचे कान लाल झाले होते. "करतंय खाली! आणि ऐका आता. तुमच्यापैकी एकान नाव दिला असता तर मी मुकाट तेचा नाव घालून इलो असतंय. माका काय हौस नाय. त्या बाईचो एकुलतो एक झील उद्या बोलतलो, आणि तुमका मानपान सुचतत! देव तुमच्या भांडणाक कंटाळलो म्हणून पाकळी पडली नाय, दुसरा काय नाय. आता माजा नाव आसा त्या परवान्यार. शिव्या घालूच्यो तर माका घाला."

कुणी रेडिओ उतरवायला पुढे आलं नाही. गाडीवानाने आणि मास्तरांनी मिळून तो मांगरात नेला.

रविवारी साडेबाराला राधाबाई आली. नवं लुगडं नेसून आली होती, जणू सत्यवान तिला बघणारच होता. मास्तरांनी तिला चटईवर बसवलं, बॅटरी जोडली, बटण फिरवलं. खर्रर्र. काटा इकडे नेला, तिकडे नेला. खर्रर्र. एरियलची तार धर्मशाळेत माडावर बांधलेली असायची. इथे मास्तरांनी ती खिडकीच्या गजाला गुंडाळली होती. बारा पंचेचाळीस झाले. मास्तर तार घेऊन अंगणात आले, फणसाकडे पाहिलं, पंचा कमरेला खोचला आणि बुंध्याला मिठी मारली. दोन हात वर सरकले आणि तीन हात खाली आले. कोपराची सालं निघाली. जामसंड्याच्या बाजारपेठेत वाढलेला माणूस तो, त्याला कोण शिकवणार झाडावर चढायला! संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर अंगणाच्या कुंपणाला चिऱ्याचा गडगा, त्यापलीकडे गाव येऊन उभं होतं. कुणाला बोलावलं नव्हतं, कुणी आत येत नव्हतं.

"हाडा हयसर," कुणीतरी म्हणालं. बाबली गडगा ओलांडून आला, मास्तरांच्या हातातली तार घेतली, दातांत धरली आणि सरसर वर गेला. धोंडूने खालून हात दाखवून सांगितलं, "आणखी वर. त्या फांदयेक. थय नको, तिच्या वरच्या!" आणि बाबलीने चक्क ऐकलं.

आत खरखर थांबली. माणसाचा आवाज आला.

मास्तर दारात थबकले. त्यांनी गडग्याकडे वळून सांगितलं, "कोणी आत येवचा नाय. मी सही करून दिलंय. थयसून आयकू गेला तर तो माजो गुन्हो नाय." आणि आत जाऊन त्यांनी आवाज होता तेवढा मोठा केला आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली.

निवेदक म्हणाला, पुण्याच्या लष्करी रुग्णालयातून आता काही जवानांचे निरोप ऐकू या. रुग्णालय. मास्तरांनी चटईकडे पाहिलं. राधाबाईला तो शब्द कळला नाही, ती फक्त पुढे सरकली. कुणी साताऱ्याचा बोलला, कुणी कोल्हापूरचा. मग थोडी कागदाची कुरकूर झाली.

"आये, मी सत्यवान. मी बरो आसंय. रोज दूध गावता, अंडी गावतत. कलमाक मोहर इलो काय गो? जुनी कांबळी शेजाऱ्याक देव नको, माका होयी. आणि गुरुजींका सांग, कार्डावरचा अक्षर बघून रागवा नकात. बाराखडी पयल्यापासून गिरवतंय. डाव्या हातान."

मग पुढचा जवान बोलायला लागला.

गडग्यापलीकडे एकच कल्ला झाला. "सत्यवान! सत्यवानच तो!" फणसावरून बाबली ओरडत होता, "काय म्हणालो? अरे, काय म्हणालो? माका हयसर काय्येक आयकू येणा नाय!" धोंडू त्याला खालून सगळं ओरडून सांगत होता, कांबळीसकट.

मांगरात राधाबाई चटईवर तशीच बसली होती. ती रडेल असं मास्तरांना वाटलं, पण ती रडली नाही.

"डाव्या हातान," ती म्हणाली. "मास्तरानू, कार्ड वाचलास तेवाच तुमका कळलेला?"

"अक्षर तेचा नाय, इतक्याच कळलेला. ह्या कळाक नाय. माका वाटला..."

"काय वाटला ता सांगा नकात." तिने पदराची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, तिने ती दातांनी सोडवली. चुरगळलेलं कार्ड तिने मांडीवर सरळ केलं आणि मास्तरांपुढे धरलं. "आता परत वाचा. आणि अक्षर कसा आसा, ता ह्या खेपेक खरा सांगा."

मास्तरांनी कार्ड खिडकीच्या उजेडात नेलं. त्यांनी शब्दन् शब्द पुन्हा वाचला, सावकाश, शाळेत वाचतात तसा. मग ते म्हणाले, "पहिलीतल्या पोराचा असता तसा आसा. खूप मोठा. काना खंय, मात्रा खंय. ओळ खाली घसरलीहा."

"सगळा?"

"सगळा नाय. शेवटाक नाव आसा, ता तेवढा सरळ आसा. नाव लिवताना तेका खूप वेळ लागलो आसतलो."

"खंय आसा नाव? माका दाखवा."

मास्तर तिच्याशेजारी चटईवर बसले आणि तिचं बोट धरून त्यांनी ते सत्यवानाच्या नावावर ठेवलं.